आधी कोबा, मग रंग: प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स करताना

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या बहुतेक ऑनलाइन कोर्सची सुरुवात सारखीच असते. प्रोजेक्ट म्हणजे ज्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे आणि शेवटी काहीतरी नवं हाती येतं असं काम. इथवर कुणाचं काही अडत नाही. व्हिडिओ दीडपट वेगाने पळवले तरी प्रश्नमंजूषेत ८० टक्के सहज पडतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता तुमच्या प्रोजेक्टमधल्या कामांची यादी करा’ असं सांगितलं जातं आणि शीट कोरी राहते.

यात शिकणाऱ्याची बुद्धी कमी पडत नाही, उदाहरण परकं पडतं. गूगलचा कोर्सेरावरचा प्रोजेक्ट मॅनेजमेंट सर्टिफिकेट घ्या. २०२१ मध्ये सहा कोर्सची मालिका म्हणून तो आला आणि नवख्यासाठी त्याची बांधणी उत्तम आहे. त्यातली एक काल्पनिक कंपनी ऑफिसांना टेबलावर ठेवायची छोटी रोपं पुरवण्याची सेवा सुरू करते आणि सगळे नमुना कागद त्याभोवती फिरतात. पण कुंड्यांचा पुरवठादार किती दिवस लावतो, कुठे अडतो, याचा अंदाज आपल्याला नसतो. मग आपण आकडे ठोकून देतो, ते बरोबर की चूक हे कळायला मार्ग नसतो, आणि शिकणं तिथेच थांबतं.

म्हणून कोर्स कुठलाही घ्या, पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी स्वतःच्या ओळखीचं एक काम ठेवा आणि प्रत्येक धडा त्यावर लावा. इथे मी हाऊसिंग सोसायटीचं काम घेतो: पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि इमारतीला बाहेरून रंग. पैसे दुसऱ्यांचे, साहेब चाळीस, आणि मृगाची तारीख कुणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. शिकायला याहून चांगलं काम शोधून सापडणार नाही.

कोर्स निवडण्यावर फार वेळ घालवू नका. हाती काही करून बघायचं असेल तर कोर्सेरावरचे कोर्स बरे. क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्यावर शेवटची तारीख ठरते त्या सगळ्यात लांब साखळीची, गणितं पक्की करायची असतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत. तिथे शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं, त्यामुळे असाइनमेंटचे गुण बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या: यातलं कुठलंही प्रमाणपत्र म्हणजे पीएमपी नव्हे. पीएमपी ही पीएमआय या संस्थेची वेगळी परीक्षा आहे आणि तिला ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबर प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभवही लागतो. अनुभव नसलेल्यासाठी त्याच संस्थेची सीएपीएम आहे, तिला २३ तासांचं शिक्षण पुरतं.

सॉफ्टवेअरचंही तेच. पहिल्या आठवड्यातच जिरा, ट्रेलो, एमएस प्रोजेक्टची तुलना करत बसू नका. गूगल शीट पुरते. नंतर गॅन्ट चार्ट, म्हणजे कामांचे दिवस आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, काढावासा वाटला तर गॅन्टप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे फुकट आहेत.

पहिला कागद चार्टरचा. एका पानाचा. कशासाठी, किती पैशात, कधीपर्यंत, सही कुणाची. नवखे लोक यातली ‘काय करणार नाही’ ही ओळ हमखास सोडतात, आणि पुढची निम्मी भांडणं तिथूनच निघतात. आपल्या उदाहरणात ती अशी: घरांच्या आतल्या ओल्या भिंती या कामात नाहीत, खिडक्यांच्या जाळ्यांचा रंग नाही, ज्यांनी बाल्कनी बंद करून घेतली आहे त्यांच्या आतल्या बाजूचं प्लास्टर नाही. यशाची व्याख्याही मोजता येईल अशी लिहायची. ‘गच्ची गळू नये’ असं लिहिलं तर वाद होणार. ‘गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवल्यावर वरच्या मजल्यावरच्या एकाही छताला नवी ओल नाही’ असं लिहिलं तर वादाला जागा राहत नाही.

आता डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर), म्हणजे सगळं काम तुकड्यांत फोडून केलेली मांडणी. माझ्या मते सगळ्या कोर्समध्ये याला गरजेपेक्षा फार कमी वेळ दिलेला असतो. वीस मिनिटांचा व्हिडिओ, झाडासारखी एक आकृती, आणि पुढे. खरं तर शिकायच्या वेळेतला तिसरा हिस्सा इथे द्यायला हवा, कारण यात जे सुटतं ते वेळापत्रकातही सुटतं आणि बजेटमधूनही.

काम आधी वस्तूंमध्ये फोडायचं, कृतींमध्ये नंतर. वरच्या पातळीवर ‘गच्ची’, ‘बाहेरच्या भिंती’, ‘मंजुऱ्या आणि करार’, ‘हस्तांतरण’. त्याखाली पुढचे तुकडे. नियम एकच, शंभर टक्क्यांचा: खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्या तुकड्याइतकी भरली पाहिजे, कमीही नाही आणि जास्तही नाही. नियम पाठ असतो, फसगत मोजताना होते. ‘जुना कोबा फोडणे’ असं एका ओळीत लिहून माणूस मोकळा होतो. मोजून बघा. तीन हजार चौरस फुटांची गच्ची, सरासरी चार इंच जाड कोबा, म्हणजे हजार घनफूट मलबा. वजन पन्नास टनांच्या आसपास. तो कोण उतरवणार, कुठून उतरवणार? लिफ्टने नेऊ देणार की नाही? खाली गोण्या कुठे रचणार आणि त्या दिवसांत तिथल्या गाड्या कुठे लावणार? राडारोडा उचलायला टेम्पो कुणाचा? शिवाय सगळा मलबा स्लॅबच्या मध्यावर ढीग करून ठेवता येत नाही, त्याचा भार स्लॅबला सोसत नाही, म्हणजे फोडणं आणि उतरवणं रोजच्या रोज बरोबरीने चाललं पाहिजे. एका ओळीची पाच कामं झाली, आणि त्यातली दोन सोसायटीची आहेत, कंत्राटदाराची नाहीत.

किती बारीक फोडायचं? ज्या तुकड्याला एकच जबाबदार माणूस देता येतो, ज्याचे दिवस अंदाजाने सांगता येतात आणि जो ‘झाला’ की ‘नाही झाला’ हे जाऊन बघता येतं, तिथे थांबायचं. ‘एक खिळा ठोकणे’ इतकं बारीक गेलात तर शीट सांभाळणं हाच एक प्रोजेक्ट होऊन बसतो.

दिवसांचे अंदाज मागताना ‘किती दिवस लागतील?’ असं विचारू नये. मुकादम हमखास सगळं सुरळीत गेलं तर लागतील तेवढे दिवस सांगतो. तीन आकडे मागा. सगळं मनासारखं झालं तर किती, नेहमी किती लागतात, आणि सगळंच बिनसलं तर किती. कोबा फोडायला समजा ४, ६ आणि १४ दिवस आले. पर्ट या अंदाज बांधायच्या पद्धतीचं सूत्र पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करून ६ ने भागतं: ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२, भागिले ६, उत्तर ७. नेहमीचे ६ दिवस धरले असते तर सुरुवातीलाच एक दिवस मागे. हे सूत्र १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून आलं. क्रिटिकल पाथची पद्धत मात्र त्याच सुमारास, १९५७ च्या आसपास, ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत आकाराला आली आणि कारखाना बंद ठेवून करायच्या डागडुजीवर तिचा चांगला उपयोग झाला. म्हणजे सोसायटीची डागडुजी हे तिचं घरचंच काम.

पुढची आकडेमोड सोपी राहावी म्हणून कोब्याचे सहाच दिवस ठेवतो. गच्चीची साखळी अशी, एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही:

टाक्यांचे पाइप तात्पुरते हलवणं ३ दिवस
जुना कोबा फोडणं, मलबा उतरवणं ६
स्लॅबच्या भेगा, कठड्याचं प्लास्टर, कोपऱ्यांचे वाटे ५
स्लरीचा पहिला थर आणि पाण्याची चाचणी ४
विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा ७
घोटाई २
वाफे करून पाणी भरून ठेवणं १०
पाइप पूर्ववत २

एकूण ३९ दिवस. दुसरीकडे भिंतींची साखळी: परांची बांधणं ६, भेगा आणि प्लास्टर ८, प्रायमर ४, रंगाचा पहिला हात ५, दुसरा हात ५, परांची उतरवणं ३. एकूण ३१ दिवस.

दोन्ही बाजू पहिल्या दिवशी सुरू झाल्या तर ३९ दिवसांची साखळी क्रिटिकल. तिथे एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस गेली. रंगाच्या बाजूला ८ दिवसांची सवड आहे, तिलाच फ्लोट म्हणतात. आता गंमत बघा. सोसायटीत येता-जाता सगळ्यांना दिसते ती परांची आणि रंग. सभेत आरडाओरडा होतो तो ‘रंगारी दोन दिवस आलेच नाहीत’ म्हणून. गच्चीवर भेगा भरणारा कारागीर आला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तारीख तिथे हुकते.

पण हे वेळापत्रक अजून चुकीचं आहे. घोटाई होईपर्यंत वरून सिमेंटचं पाणी कठड्यावरून भिंतीवर ओघळतं. दुसरा हात आधीच मारलेला असेल तर त्यावर राखाडी रेघा उमटतात आणि ‘हे कुणी भरून द्यायचं’ यावर दोन कंत्राटदार जुंपतात. म्हणजे दुसरा हात घोटाईनंतरच. घोटाई संपते २७ व्या दिवशी. पहिला हात २३ व्या दिवशीच झालेला असतो. मग दुसरा हात २८ ते ३२, परांची उतरवणं ३३ ते ३५. परांचीपासून पहिल्या हातापर्यंतच्या कामांची ८ दिवसांची सवड तशीच राहते, पण दुसरा हात आणि परांची उतरवणं यांना आता फक्त ४ दिवस उरले. कुठलं काम कशानंतर हे दाखवणारा एक बाण काढायचा राहिला की अर्धी सवड हवेत गेली. सॉफ्टवेअर असे बाण स्वतःहून काढत नाही. ते कारागिराशी बोलूनच कळतात, आणि विचारायचा प्रश्न ‘याआधी काय लागतं?’ एवढाच नसतो. ‘हे झाल्यावर वर किंवा शेजारी काय चाललं तर हे खराब होईल?’ हेही विचारायचं.

दिवस मोजतानाही एक खाच आहे. पहिली २७ दिवसांची कामं माणसं करतात, त्यांना रविवार असतो. पाणी भरून ठेवायचे १० दिवस मात्र रविवारीही चालतात. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच कॅलेंडर लावलं तर गणित चुकतं. नीट मांडलं तर ३९ दिवसांचे ४४ च्या आसपास होतात, आणि ३१ मेला संपवायचं तर १८ एप्रिलच्या सुमारास पहिला पाइप हलला पाहिजे. तिथून उलटं जा. करार मार्चअखेर, कोटेशनची तुलना त्याआधी, विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस आणि मंजुरी त्याहून आधी. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, तेही धरा. जानेवारीत हालचाल झाली नसेल तर मे महिन्यातली सगळी धावपळ व्यर्थ आहे.

रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत, ‘पाऊस’, ‘कामगार’, ‘पैसे’ असे शब्द टाकून लोक मोकळे होतात. तशी नोंद कुणाच्या कामाची नसते. वाक्य पूर्ण लिहायचं: कशामुळे, काय होईल, त्याने कशाला धक्का बसेल. ‘मे महिन्यात पाणीकपात झाल्यास वाफे भरायला पाणी मिळणार नाही, कोबा तडकेल आणि काम पुन्हा करावं लागेल.’ असं लिहिलं की मोजता येतं. तीन हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे ५०० घनफूट, सुमारे १४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे दीड टँकर, शिवाय मेच्या उन्हात रोज आटेल ते वेगळं. तीन टँकरचे पैसे बजेटमध्ये आधीच धरले की हा धोका संपला. ‘लग्नसराईत गावी गेलेले कामगार वेळेवर परतणार नाहीत’ याला पैशाने उत्तर नाही, तिथे क्रिटिकल साखळीतली मोठी कामं त्या तारखांबाहेर ढकलावी लागतात. वळवाच्या पावसाला प्लास्टिकचे कागद आणि ते पसरणारी माणसं, दोन्ही लागतात. कागद गोदामात आणि माणसं घरी असा प्रकार नेहमीचा. कोर्समध्ये टाळणे, कमी करणे, दुसऱ्यावर सोपवणे, स्वीकारणे अशी चार उत्तरं शिकवतात. प्रत्येक धोक्यापुढे यातलं एक आणि एका माणसाचं नाव आलंच पाहिजे.

नावांवरून आठवलं, आरएसीआय: कोण करणार, जबाबदार कोण, कुणाला विचारायचं आणि कुणाला कळवायचं याचा तक्ता. या तक्त्यात एका कामाला ‘अंतिम जबाबदार’ एकच असतो. सोसायटीच्या तक्त्यात हमखास ‘कमिटी’ असं लिहिलेलं सापडतं. कमिटी फोन उचलत नाही. सेक्रेटरी, खजिनदार किंवा वरच्या मजल्यावरचे काका, पण एक माणूस.

स्टेकहोल्डरचा, म्हणजे कामाची झळ किंवा फायदा ज्यांना पोचतो त्या लोकांचा, धडा लोक कंटाळवाणा म्हणून सोडतात. त्यांनी कोकण रेल्वेचं गोव्यातलं काम आठवावं. मार्गाच्या आखणीला तिथे विरोध झाला, काम काही काळ थांबलं, चौकशी झाली. डोंगर फोडण्याइतकंच माणसांना विचारणंही वेळापत्रकात असतं. सोसायटीत वरच्या मजल्यावरची दोन घरं, दमा असलेले आजोबा, दुपारची शिकवणी घेणाऱ्या बाई, खालचा दुकानदार ज्याचा बोर्ड परांचीने झाकला जाणार आहे: यांना काम सुरू होण्याच्या दहा दिवस आधी भेटायचं. नोटीस बोर्डावर कागद लावला म्हणजे कळवलं असं होत नाही.

मग ते वाक्य येतं. ‘आता परांची लागलीच आहे, तर…’ तर माझ्या खिडकीवरचा छज्जाही करून घ्या, तर केबल आत घ्या, तर जाळ्यांनाही एक हात मारा. स्कोप क्रीप म्हणतात तो हाच, आणि यातली प्रत्येक मागणी रास्त वाटते म्हणूनच तो घातक. सरसकट नाही म्हणू नये, लोक दुखावतात आणि काम मुकादमाला चहापाणी देऊन गुपचूप करून घेतात. चार रकान्यांचा कागद पुढे करायचा: काय वाढवायचं, किती पैसे, किती दिवस आणि ते कुठल्या साखळीत, मंजुरी कुणाची. दहातल्या सात मागण्या दुसऱ्या रकान्यातच विरतात.

काम सुरू झाल्यावर ‘किती झालं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नव्वद टक्के’ असं येतं आणि पुढचे तीन आठवडे तेच येत राहतं. उपाय कोरडा आहे: तुकडा पूर्ण झाला तर शंभर, नाही तर शून्य. मधलं काही नाही. तुकडे पुरेसे बारीक केले असतील तर हे अन्यायाचं वाटत नाही, म्हणून डब्ल्यूबीएसवर एवढा जोर.

अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची पैशातली किंमत, हे नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्यात तीनच आकडे आहेत. समजा बजेट १० लाख. आजपर्यंत ५ लाखांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात झालं ४ लाखांचं. खर्च झाले ४ लाख ८० हजार. खजिनदार खुश असतो, कारण ५ लाख ठरले होते आणि त्याहून कमी गेले. पण झालेल्या कामाला झालेल्या खर्चाने भागा: ०.८३. म्हणजे एक रुपया टाकला की ८३ पैशांचं काम उठतंय. हाच वेग राहिला तर १० लाखांचं काम १२ लाखांवर जाईल, आणि हे निम्मे पैसे हातात असताना कळतं. वेळेचा आकडा ४ भागिले ५, ०.८. हा दुसरा आकडा मात्र जपून वापरा. रंगाचं काम जोरात आणि गच्ची रखडलेली असेल तरी तो गोड दिसू शकतो, कारण क्रिटिकल साखळी त्याला ओळखता येत नाही.

अजाइल आणि स्क्रम हे प्रकरण बहुतेक कोर्समध्ये शेवटाकडे येतं आणि नोकरीच्या जाहिरातींमुळे सगळे तिकडे धावतात. दोन आठवड्यांनी ग्राहकाला दाखवून दिशा बदलायची पद्धत सॉफ्टवेअरला छान लागू पडते. अर्धा कोबा दाखवून अभिप्राय मागता येत नाही. पण रंगाची छटा ठरवायला एका भिंतीवर तीन पट्टे मारून आठ दिवस लोकांना बघू देणं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात, हे त्याच विचारातलं आहे आणि ते जरूर करावं.

क्लोजिंगचा धडा शेवटचा, म्हणून घाईत उरकला जातो. त्यात करायचं एवढं: राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी जागेवर फिरून, कंत्राटदाराला सोबत घेऊन. पावसाळी पाइपांच्या तोंडांचे फोटो, जाळी बसवलेली दिसेल असे. वॉरंटीचा कागद, त्यावर वापरलेल्या मालाचं नाव आणि तारीख. करारात राखून ठेवलेली रक्कम पहिला पावसाळा पार पडल्याशिवाय सोडायची नाही. आणि त्या जुन्या शीटमध्ये अंदाजाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना, ‘प्रत्यक्ष दिवस’. कोबा फोडायला ६ लिहिले होते, ९ लागले, का लागले ते दोन शब्दांत: लिफ्ट बंद, टेम्पो उशिरा.